दारूचा परिणाम

ताईच्या चष्म्यांच्या दुकानामागे एक खोली होती, आणि त्या खोलीत दर रविवारी एका किल्ल्याला वेढा पडायचा. किल्ला कॉम्प्युटरमध्ये, वेढा घालणारे खुर्च्यांवर. पुढचं शटर खाली ओढलेलं, कोपऱ्यात काचा घासायचं यंत्र कापड पांघरून निजलेलं, आणि मधल्या टेबलावर घोडा दिवसाला किती वैरण खातो यावरून भांडण पेटलेलं.

खेळाचं नाव ‘वेढा’. तो फुकट होता. ज्याला हवा त्याने घ्यावा, खेळावा, मोडावा, जोडावा, पुढे वाटावा. अट एवढीच, की शेवटी करणाऱ्यांची नावं तेवढी राहू द्यावीत. करणारे चौघं. खेळाचे नियम ताई रचायची. ते नियम कॉम्प्युटरच्या भाषेत उतरवायचं काम तिच्या पाठच्या भावाचं. त्याला सगळे धाकटा म्हणत, आणि केस गेले, पोट आलं, तरी तो धाकटाच राहिला होता. इतिहास बघायला मास्तर. ते शाळेतून निवृत्त झाले होते, पण शाळा त्यांच्यातून झाली नव्हती. आणि रस्ते, चढ, नदीचे उतार काढायला सायरन. तो रुग्णवाहिका चालवायचा, आणि रस्त्यांच्या बाबतीत आपल्याला कुणी शिकवू नये असं त्याचं म्हणणं होतं.

पगार कुणालाच नव्हता, त्यामुळे कुणी कुणाचं ऐकत नसे. वैरणीचा प्रश्न सुटेपर्यंत मास्तरांच्या नातीचं लग्न ठरलं, मोडलं आणि दुसरीकडे ठरलं. बाजारातल्या खेळात राजाला उपाशी ठेवत नाहीत, गिऱ्हाईक रुसतं. ‘वेढ्या’त राजाच आधी उपाशी पडायचा, कारण मास्तरांना तसा कागद सापडला होता. आणि शेवटी किल्ला पडला की ना तुतारी, ना सोन्याची नाणी. पडदा काळा व्हायचा आणि ताईने रचलेल्या दोन ओळी उमटायच्या:

किल्ला पडला पडला, दगड दगडाशी राही,
जिंकणाऱ्याच्या पायाला तीच धूळ, दुजी नाही.

हे वाचून पुष्कळ लोक खेळ बंद करायचे. काही थोडे मात्र पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे, आणि तेवढ्यांसाठी हे चौघं रविवार घालवायचे.

या खेळात एक चूक होती. तशा शंभर असतील, पण ही नाव घेण्याजोगी. ताईने नियमांच्या तक्त्यात लिहिलं होतं, ‘दारू: तोफांजवळच्या कोठारात ठेवावी. साठा वाढला की परिणाम वाढतो.’ तिच्या मनात तोफेची दारू. धाकट्याने ते वाचलं आणि त्याला वाटलं, दारूचा परिणाम काय असतो हे आपल्याला कुणी सांगायला नको. त्याने तसं लिहून टाकलं. कोठार भरत गेलं की आसपासच्या सैनिकांचं मन हलकं होत जाई, नेम बिघडत जाई, आणि शेवटी ते उभ्या जागी डुलू लागत.

कळलं ते एका खेळणाऱ्याने लिहिलं तेव्हा. त्याची तक्रार अशी नव्हतीच. त्याने विचारलं होतं, माझे गोलंदाज तोफ सोडून एकमेकांच्या गळ्यात हात टाकून उभे आहेत, तह झाला असं समजावं काय?

चूक दुरुस्त करायची म्हणून चौघं बसले. पण खेळून बघितलं तर खेळ आधीपेक्षा बरा झालेला. आधी जो तो नुसती दारू साठवायचा आणि तोफांनी तट फोडून मोकळा व्हायचा. आता हावरटाचं सैन्य डुलायचं. ज्याच्यापाशी बेताची दारू, त्याचाच नेम लागायचा. चूक ठेवायची असं ठरलं. फक्त मास्तरांना इतिहासात नसलेलं काही ठेवणं जिवावर आलं. मग त्यांनी खेळाच्या माहितीत एक लांबलचक पान लिहिलं. वेढ्यातलं रेंगाळलेलं वाट बघणं, कोठाराशेजारचा पहारा, एका ठिणगीवर टांगलेला जीव, आणि त्याने माणसाच्या मनावर होणारा परिणाम. पान इतकं सुरेख उतरलं की वाचून खुद्द मास्तरांचा विश्वास बसला. मग सायरनचा बसला. पुढे पुढे ती चूक होती हे ताईलाही मुद्दाम आठवावं लागे.

आणि मग धाकट्याने नोकरी धरली. शहरातल्या सगळ्यात मोठ्या खेळ-कंपनीत, जिथे माणसं खेळ करायचा पगार घेतात. फुकटच्या लढाया पुरे झाल्या ताई, एवढंच तो म्हणाला. पुढच्या रविवारी त्याची खुर्ची रिकामी होती. मास्तरांनी त्या खुर्चीवर आपली छत्री ठेवली आणि म्हणाले, “फितूर.” सायरन म्हणाला की फितुराला निदान वतन तरी मिळतं, याला दुपारचं जेवण आणि बसचा पास मिळालाय.  ताईने छत्री उचलून भिंतीला लावली.

दोन वर्षांनी कंपनीचा नवा खेळ आला. नाव ‘महावेढा’.

सायरनने तो दवाखान्याच्या दारात रुग्णाची वाट बघता बघता फोनवर खेळून बघितला आणि रविवारी खोलीत घेऊन आला. तिघांची डोकी एका फोनवर टेकली. काय देखणा खेळ होता तो. नदीचं पाणी असं, की हात घालावा. घोड्यांच्या आयाळीचा केस न् केस वेगळा. वैरण कुठेच नव्हती. घोडा दमला की बटण दाबायचं आणि खऱ्या पैशांनी नवा घ्यायचा. मास्तरांना मनापासून आनंद झाला. इतका अडाणी खेळ ‘वेढ्या’च्या केसालाही धक्का लावू शकत नाही, असं ते म्हणतच होते.

तेवढ्यात सायरनने दारूचं कोठार भरलं, आणि तटावरचे गोलंदाज हळूच डुलू लागले. एकाने दुसऱ्याच्या गळ्यात हात टाकला.

 फोनवर एक बटण उगवलं, ‘उतारा घ्या’. ते दाबलं की पैसे जात आणि सैनिक शुद्धीवर येत. सायरन म्हणाला की त्याच्या स्टँडवरच्या निम्म्या ड्रायव्हरांनी उतारा घेतलाय. आणि जाहिरातीत हेच मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: जगात प्रथमच! सैनिकांनाही मन असतं!

शेवटपर्यंत जाऊन नावं बघितली. दोनशेच्या वर नावं होती. या चौघांतलं एकही नाही, धाकट्याचंसुद्धा.

मास्तरांना एकदम आठवलं की ती चूक होती, आणि त्यांचं म्हणणं सरळ होतं. गड, नदी, तोफा कुणीही काढेल. पण जगाच्या पाठीवर तोफेच्या दारूने झिंगणारं सैन्य एकाच खेळात होतं. चोर चोरी लपवतो, चूक कशी लपवेल? कंपनीला लिहायचं, आणि आपली नावं मागायची. दमडी नको. लिहिलं. कंपनीचं उत्तर गोड आलं, येऊन भेटा. बोलायचं ताईने असं ठरलं, कारण मास्तर सुरू झाले की थांबत नसत आणि सायरन परक्यांसमोर सुरूच होत नसे. बोलायचं तेही एकच वाक्य: ती आमची चूक आहे. मग कुणाची, असं कुणीतरी विचारणार, आणि ताईने धाकट्याकडे बघायचं.

भेटीच्या आदल्या दिवशी धाकटा दुकानात आला. डोळे तपासायचे आहेत म्हणाला. भाऊ बहिणीकडे रिकाम्या हाताने येत नाही, काहीतरी निमित्त घेऊन येतो. ताईने त्याला तपासणीच्या खुर्चीत बसवलं, लोखंडी चौकट नाकावर ठेवली, एक डोळा झाकला आणि समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितली.

तिने एक भिंग काढून दुसरं घातलं. हे बरं की ते? ते, म्हणाला. मग अक्षरांकडेच बघत म्हणाला की त्याने काहीही उचललेलं नाही. जुना प्रोग्रॅम उघडूनसुद्धा बघितला नाही. कंपनीने तक्ता दिला होता. त्यात दारूसमोर साठा होता, वजन होतं, किंमत होती, आणि परिणामाचा रकाना कोरा. तो त्याने भरला.

“काय भरलंस?”

“दारूचा परिणाम. दुसरा काय असतो?”

ताईचा हात भिंगाच्या डबीतच थांबला. तिने त्याच्या उघड्या डोळ्यात पाहिलं. तो थट्टा करत नव्हता.

“अरे, ती तोफेची दारू.”

“तोफेचीच. मास्तरांनी पान लिहिलंय ना. ठिणगीवर टांगलेला जीव…”

आणि बोलता बोलता तो थांबला. तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ एरवी कुणाला दिसत नाही, तशी काहीतरी गोष्ट त्याला त्या क्षणी दिसली. एवढी वर्षं तिघांनी मिळून त्याची चूक इतकी जपली, न्हाऊमाखू घातली, इतिहासाचे कपडे चढवले, की ती आपली आहे हे तो विसरला होता. त्याने चोरी केलीच नव्हती. तीच चूक त्याने पुन्हा एकदा, नव्याने, पगार घेऊन केली होती.

“आठ महिने तपासली लोकांनी,” तो म्हणाला. “सगळे म्हणाले, काय जिवंत वाटतंय.”

ताईने दुसरा डोळा झाकला. उद्या काय होईल ते तिने विचारलं नाही, त्याने आपणहून सांगितलं. चूक ‘वेढ्या’ची आहे असं तिने म्हटलं की कंपनीचे साहेब त्याच्याकडे बघणार. चोरली म्हटलं तर काढून टाकतील. चुकली म्हटलं तर आधी हसतील, आणि मग काढून टाकतील. घराचे हप्ते आहेत, सासू आजारी आहे, हे त्याने सांगितलं नाही, कारण ताईला ते ठाऊक होतं. जाताना फक्त म्हणाला, “तू बोल, ताई. तुझं बरोबरच आहे.” असं भावाने म्हटलं की बहिणीला ते बोलवत नाही, हे त्याला कळत असतं तर तो म्हणाला नसता. त्याला कळत नव्हतं. त्याला फार गोष्टी कळत नसत.

त्याच्या नव्या चष्म्याची काच ताईने स्वतः घासली. यंत्राखाली पाणी वाहत होतं आणि तिच्या मनात जातं फिरत होतं. एका पाळीत चार माणसांचे रविवार, दुसऱ्या पाळीत पाठचा भाऊ. दळण काही संपेना.

कंपनीचं ऑफिस वरच्या मजल्यावर होतं. दारं आपोआप उघडत, त्यामुळे सायरनला हाताचं काय करावं कळेना. तिघांच्या गळ्यात ‘पाहुणे’ अशी पाटी अडकवून त्यांना एका काचेच्या खोलीत बसवलं. खुर्च्या गोल फिरणाऱ्या होत्या. मास्तर बसले आणि भिंतीकडे तोंड करून थांबले. सायरनने त्यांना वळवलं. समोर खेळाचे मुख्य साहेब, कंपनीच्या वकीलबाई आणि टोकाला धाकटा. साहेबांच्या मागे भिंतभर जाहिरात, त्यात एक डुलणारा गोलंदाज.

वकीलबाईंनी कॉफी दिली आणि अतिशय सभ्यपणे तिघांना निरुत्तर केलं. त्या म्हणाल्या, ‘वेढा’ त्यांनी पाहिला आहे. फार अभ्यासपूर्ण. त्यातलं मास्तरांचं पान तर त्यांनी दोनदा वाचलं. कोठाराजवळच्या सैनिकांच्या मनावर परिणाम होतो हे इतिहासाला धरून आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. आणि इतिहासाची मालकी कुणाकडेच नसते. तो तुम्हीही वापरलात, आम्हीही वापरला.

मास्तर मान डोलावत होते. त्यांचं पान आजवर कुणी दोनदा वाचलं नव्हतं. आपण हरतोय हे त्यांच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला, आणि मग त्यांनी ताईकडे पाहिलं. सायरननेही पाहिलं. आता ते एक वाक्य.

ताईने टोकाला बसलेल्या भावाकडे पाहिलं. लहानपणी बरणी फुटली की तो असाच बसायचा, दोन्ही हात मांडीखाली घालून. ताईने चष्मा काढला, पदराने पुसला आणि हातातच ठेवला.

“मास्तरांनी जे लिहिलंय,” ती म्हणाली, “ते…”

“खोटं आहे,” धाकटा म्हणाला.

सगळे वळले. मास्तरांची खुर्ची जरा जास्तच वळली.

“असला इतिहास नाही,” धाकटा म्हणाला. “दारूने सैनिक डुलत नाहीत.”

वकीलबाईंनी विचारलं, “दारू प्यायल्याने डुलत नाहीत?”

“ही ती दारू नव्हे. ही तोफेची.”

“मग ते ती का पितात?”

“ते पीत नाहीत, बाई. मी पाजली. तेव्हा ‘वेढ्या’त पाजली, आणि इथे परत पाजली. चूक आहे. माझी.”

 साहेबांनी मागे वळून जाहिरातीकडे पाहिलं. गोलंदाज डुलत होता. जगात प्रथमच. साहेबांनी पुन्हा पुढे वळून विचारलं की उताऱ्याची विक्री बंद करावी लागेल का. वकीलबाई म्हणाल्या, नाही. चूक त्यांची असेल तर फक्त त्यांची नावं टाकावी लागतील. मग साहेबांची काही हरकत नव्हती. नावं टाकायला पैसे पडत नाहीत.

वकीलबाईंनी नावं लिहून घ्यायला पेन उघडलं. ‘वेढ्या’च्या शेवटी आहेत तशीच टाकायची, असं ताईने सांगितलं.

“धाकटा, ताई, मास्तर, सायरन,” वकीलबाईंनी वाचलं. “ही नावं आहेत?”

“हाक मारली की ओ देतो आम्ही,” सायरन म्हणाला. त्या दिवशीचं त्याचं तेवढंच बोलणं.

साहेब उठताना धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की त्याने आता थोडी विश्रांती घ्यावी. किती, ते त्यांनी सांगितलं नाही. जी विश्रांती किती ते सांगत नाहीत, ती मोठीच असते. धाकट्याने आपला कप धुतला, पिशवीत घातला आणि पाहुण्यांबरोबरच खाली उतरला.

मास्तर आणि सायरन पुढे चालत होते. फितुराबद्दल काय बोलावं हे ठरत नसल्यामुळे मास्तर मोठमोठ्याने रस्त्याच्या उताराबद्दल बोलत होते. मागून भाऊ-बहीण.

“तू ‘खरं आहे’ म्हणणार होतीस,” धाकटा म्हणाला.

“कशावरून?”

“खोटं बोलायच्या आधी तू चष्मा काढतेस. समोरच्याचं तोंड दिसू नये म्हणून.”

 ताईला वाटत होतं की त्याने हे तिच्यासाठी केलं, ‘वेढ्या’साठी केलं, आणि त्याबद्दल काहीतरी बोलावं, जवळ घ्यावं. पण भर रस्त्यात एवढ्या मोठ्या भावाला कसं जवळ घ्यायचं. शेवटी तिने विचारलं की का बोललास.

धाकट्याने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“त्या खेळातलं सगळं तुम्ही तिघांनी लिहून दिलेलं, ताई. घोडे तुझे, नदी सायरनची, उपाशी राजा मास्तरांचा. मी नुसता उतरवत गेलो. एवढी एकच गोष्ट मी स्वतःच्या डोक्याने घातली.” मग तो म्हणाला, “ती इतिहासाच्या नावावर कशी जाऊ देऊ?”

 ताईने चष्मा डोळ्यांवर चढवला. रस्ता होता तसाच होता, फक्त त्याच्या कडा आता नीट दिसत होत्या. तिने त्याच्या हातातली पिशवी घेतली. पिशवीत एका कपाशिवाय काही नव्हतं, पण त्याने ती घेऊ दिली.

पुढे महिनाभराने ‘महावेढ्या’ची नवी आवृत्ती आली. रविवारी चौघं खोलीत जमले. धाकट्याला एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायचं काम मिळालं होतं, पगार निम्मा आणि मुलं दुप्पट. मास्तर त्याच्याशी अजून सरळ बोलत नव्हते. जे सांगायचं ते सायरनला सांगत आणि सायरन ते जसंच्या तसं धाकट्याला सांगत असे, जरी तिघं एकाच टेबलाशी बसलेले असत.

सायरनने किल्ला जिंकला. तुताऱ्या वाजल्या, नाणी उडाली, आणि मग नावं खालून वर सरकू लागली. आवाजवाले, रंगवाले, पैसेवाले, जेवणवाले. मास्तर चष्मा सरसावून बसले. दोनशेच्या वर माणसं डोळ्यांसमोरून गेली, आणि अगदी तळाशी, बोटभर जागेत, पापणी लवावी एवढ्या वेळात चार शब्द येऊन गेले.

“पहिलं कुणाचं होतं?” धाकट्याने विचारलं.

“नीट दिसलं नाही,” ताई म्हणाली. तिचा चष्मा डोळ्यांवरच होता.

मास्तर सायरनला म्हणाले, “त्याला सांग, धाकटा असं होतं. मी वाचलं.”

सायरनने सांगितलं. धाकटा म्हणाला, त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय. पण नावं परत बघायची सोय खेळात नव्हती. त्यासाठी किल्ला पुन्हा जिंकावा लागणार होता, नाहीतर पैसे भरावे लागणार होते.

पैसे भरायचा प्रश्नच नव्हता. चौघांनी खुर्च्या पुढे ओढल्या आणि वेढा घालायला घेतला. पाणी कुठून आणतात या सैन्यात, असं ताईने विचारलं. सायरन म्हणाला, पाणी लागतच नाही यांना. मास्तरांना ते सहन झालं नाही, आणि ते थेट धाकट्याकडे वळून म्हणाले, “अरे, असं कसं लागत नाही?”